योसेमिटीत तंबूची जागा: आरक्षणाची तारीख, पात्रता आणि कागदपत्रे यांत नेमके कुठे अडते

सॅन होजे, फ्रीमॉन्ट, सनीव्हेल या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा उन्हाळ्यात एकदा तरी कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबूत राहायचा बेत होतो, आणि भारतातून आई-वडील आलेले असले तर तो हमखास होतो. बेत होतो, पण जागा मिळत नाही. मिळालीच तर प्रवेशद्वारावर काहीतरी अडते. जागांच्या मानाने मागणी कितीतरी जास्त आहे हे खरे आहे. तरीही ज्यांची खटपट वाया जाते त्यांच्यापैकी पुष्कळांनी तारीख चुकीची मोजलेली असते, माणसे जास्त धरलेली असतात किंवा आरक्षणावर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरे अशी स्थिती असते. या गोष्टी आधी कळल्या तर टाळता येतात, म्हणून त्यांच्याबद्दलच येथे विस्ताराने लिहिले आहे. खाते उघडणे, कार्डाने पैसे भरणे वगैरे भाग सोपा आहे. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते आणि खाते फुकट उघडता येते. मात्र ते आदल्या दिवशीच उघडून ठेवावे, कारण आरक्षण सुरू झाल्यावर पासवर्ड आठवत बसण्याइतका वेळ मिळत नाही.

तारखेचा घोळ

“पाच महिने आधी आरक्षण सुरू होते” हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच वाक्यामुळे होतो. अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स यांसारख्या योसेमिटी खोऱ्यातील कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे तंबूंच्या तळांच्या, जागा रोज थोड्या थोड्या खुल्या होत नाहीत. प्रत्येक महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, पूर्ण एका महिन्याच्या जागा एकदम खुल्या होतात. १५ फेब्रुवारीला १५ जून ते १४ जुलै या काळात पोहोचणाऱ्यांसाठी, १५ मार्चला १५ जुलै ते १४ ऑगस्ट या काळात पोहोचणाऱ्यांसाठी, असा हा क्रम वर्षभर चालतो.

आता ४ जुलैच्या सुट्टीचे उदाहरण घ्या. ज्यांना ३ जुलैला पोहोचायचे आहे ते पाच महिने मागे मोजतात आणि ३ फेब्रुवारीला संकेतस्थळ उघडून बसतात. जागा अजून खुल्याच झालेल्या नसतात, म्हणून “पुढच्या महिन्यात पाहू” असे म्हणून ते उठतात आणि मार्चमध्ये परत येतात. मधल्या १५ फेब्रुवारीला सगळे संपलेले असते. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्टीसाठी १५ जानेवारी आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीसाठी १५ एप्रिल हीच तारीख धरावी लागते. येथे मोजायचा तो पोहोचण्याचा दिवस. मुक्कामाचा मधला किंवा परतीचा दिवस मोजून उपयोग नाही.

या तारखांचा तक्ता उद्यानाच्या पानावर दिलेला आहे, पण तो इतक्या सूचनांच्या खाली दबलेला आहे की पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला तो सापडणे कठीण. अर्जदाराला लागणारी ही एक गोष्ट पानाच्या डोक्यावर ठळक लिहिली असती, तर दर उन्हाळ्यात किती कुटुंबांचा हिरमोड टळला असता.

वेळही नीट पाहावी. न्यू जर्सीतून प्रयत्न करणाऱ्याला सकाळचे १० वाजलेले असतात. पुण्यातला भाऊ मदतीला बसणार असेल, तर त्याच्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि अमेरिकेतील घड्याळे पुढे गेल्यावर साडेसात वाजतात. जागा निवडून कार्टमध्ये टाकली की पैसे भरायला पंधरा मिनिटे मिळतात. त्यामुळे आधी जागा धरावी आणि बाकीची माहिती नंतर भरावी. एकच आवडती जागा मनात ठरवून बसलेल्यांच्या हाती बहुधा काही लागत नाही. नकाशा पाहून आठ-दहा जागांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत आणि शक्य असल्यास शुक्रवारऐवजी मंगळवार-बुधवारी पोहोचण्याची तयारी ठेवावी.

सगळीच कॅम्पग्राउंड पाच महिने आधी खुली होतात असेही नाही. टॅमरॅक फ्लॅट, पॉर्क्युपाइन फ्लॅट अशा उंचावरच्या जागांचे आरक्षण दोन आठवडे आधी मिळते. उन्हाळ्यात कॅम्प ४ या गिर्यारोहकांच्या जुन्या तळाचे आरक्षण एक आठवडा आधी होते आणि तेथे दर माणशी पैसे घेतात. नॉर्थ पाइन्ससाठी २०२३ पासून आगाऊ सोडतीची पद्धत आली, म्हणून त्या कॅम्पग्राउंडचे पान वेगळे वाचावे.

जागा निवडताना

जी मिळेल ती जागा घेण्याची घाई समजण्यासारखी आहे, पण घरात सत्तरीचे आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर घाईत घेतलेली जागा त्रासाची ठरते. योसेमिटी खोरे सुमारे ४,००० फुटांवर आहे. क्रेन फ्लॅट सुमारे ६,२०० फुटांवर, तर टुओलमी मेडोज सुमारे ८,६०० फुटांवर आहे. जुलैतही तेथे रात्री चांगलीच थंडी पडते, आणि ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी एवढ्या उंचीवर मुक्काम करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. शिवाय उद्यानातला उंचावरून जाणारा टायोगा रस्ता बर्फामुळे साधारण नोव्हेंबरपासून मे अखेर किंवा जूनपर्यंत बंद असतो. त्या रस्त्यावरील कॅम्पग्राउंड कधी उघडणार हे त्या वर्षीच्या बर्फावर ठरते.

टॅमरॅक फ्लॅट, योसेमिटी क्रीक आणि पॉर्क्युपाइन फ्लॅट येथे पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. ओढ्याचे पाणी उकळून किंवा गाळून, शुद्ध करून प्यावे लागते आणि शौचालये खड्ड्याची असतात. दोन आठवडे आधी जागा मिळाली या आनंदात हे वाचायचे राहून जाते. उद्यानातील कोणत्याही कॅम्पग्राउंडमध्ये जागेवर विजेची जोडणी नाही. घरातील कोणी झोपताना श्वासाचे यंत्र वापरत असेल, तर चार्ज केलेल्या बॅटरीची सोय घरूनच करून निघावे. तेथे पोहोचल्यावर ती होत नाही. अंघोळीची सोयही कॅम्पग्राउंडमध्ये नाही, त्यासाठी खोऱ्यात करी व्हिलेजला जावे लागते.

माझ्या मते वृद्ध आणि मुले सोबत असताना पहिल्या खेपेला खोऱ्यातील अप्पर, लोअर आणि नॉर्थ या तीन पाइन्सपैकीच एक पाहावे. तेथे नळाचे पाणी आणि फ्लशची शौचालये आहेत आणि फुकट शटल बस जवळ मिळते. नकाशावर शौचालयाची खूण शोधून त्यापासून दोन-तीन जागा सोडून जागा घ्यावी: अगदी लागून घेतली तर रात्रभर दिवा आणि दाराचा आवाज, फार लांब घेतली तर आजींना मध्यरात्री अंधारात चालत जावे लागते.

सहा म्हणजे सहाच

कुटुंबाच्या जागेवर जास्तीत जास्त सहा माणसे आणि दोन वाहने चालतात. या सहांत मुले धरली जातात आणि कडेवरचे बाळही धरले जाते. दोन जोडपी, त्यांची तीन मुले आणि एका घरचे आई-वडील मिळून नऊ जण होतात. त्यांना दोन जागा लागतात. त्या शेजारी-शेजारी मिळण्याची शक्यता कमी असते, त्यामुळे एकाच कॅम्पग्राउंडमध्ये मिळाल्या तरी समाधान मानावे. “एक तंबू जास्तीचा टाकू, कोण बघतंय” हा विचार कृपा करून करू नये. रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, फेरी मारतात, माणसे मोजतात, आणि रात्री मुलांना उठवून दुसरीकडे न्यायची वेळ आली तर आसपास रिकामी जागा नसते.

मुक्कामालाही मर्यादा आहे. १ मे ते १५ सप्टेंबर या काळात एका व्यक्तीला उद्यानात एकूण १४ रात्री राहता येते, आणि त्यांपैकी खोरे व उद्यानाच्या दक्षिणेकडील वावोना येथे सातच.

नाव आणि ओळखपत्र

ज्याच्या नावावर आरक्षण आहे त्याने स्वतः छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन हजर राहायचे असते, आणि दोन्ही नावे जुळली पाहिजेत. आपल्याकडे हा मुद्दा अनेक प्रकारे अडतो. खाते उघडताना कचेरीत रुळलेले छोटे नाव दिलेले असते, म्हणजे खात्यावर “सिड” आणि लायसन्सवर “सिद्धार्थ”. पत्नीचे खाते सासरच्या आडनावाने आणि ओळखपत्र माहेरच्या आडनावाने असते. सर्वांत वाईट म्हणजे, पुण्यातल्या भावाने मदत म्हणून स्वतःच्या खात्यातून जागा घेतलेली असते आणि तो तर येणारच नसतो. आरक्षण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे समाजमाध्यमांवर “जागा देणे आहे” अशी जाहिरात पाहून पैसे पाठवू नयेत. मदत घ्यायचीच असेल तर जो प्रत्यक्ष जाणार आहे त्याच्या खात्यातून, त्याच्या ओळखपत्रावरील पूर्ण नावाने घ्यावी. जाणाऱ्याचे खाते आधीच असेल, तर १५ तारखेपूर्वी त्यातील नाव दुरुस्त करून ठेवावे.

प्रवेशशुल्क, पास आणि आई-वडील

तंबूच्या जागेचे भाडे, खोऱ्यात रात्रीला ३६ डॉलर, हे प्रवेशशुल्काहून वेगळे असते. मोटारीचे प्रवेशशुल्क ३५ डॉलर असून ते सात दिवस चालते. २०२४ आणि २०२५ मध्ये ठरावीक दिवशी उद्यानात शिरायलाच आगाऊ नोंदणी लागत होती. ज्यांच्याकडे कॅम्पग्राउंडचे आरक्षण होते त्यांना ती वेगळी घ्यावी लागत नव्हती.

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षे व त्याहून मोठ्या पाहुण्यांना, राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास नसेल तर, योसेमिटीसह अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्तीचे लागतात. रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलरचा, तर इतरांचा २५० डॉलरचा आहे. रहिवासी असल्याचे अमेरिकन सरकारी ओळखपत्राने दाखवावे लागते आणि राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स त्यासाठी चालते. म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहणारा मुलगा रहिवाशात मोडतो, पण व्हिजिटर व्हिसावर आलेले त्याचे आई-वडील मोडत नाहीत. वर्षभर काटकसर करून मुलाकडे आलेल्या आई-वडिलांसाठी हा भुर्दंड मोठा आहे, आणि तो प्रवेशद्वारावर अचानक कळणे अधिकच वाईट. म्हणून हा खर्च आधीच धरून निघावे.

ज्येष्ठांच्या पासाबद्दलही गोंधळ आहे. ६२ वर्षे पूर्ण केलेल्यांना तो वर्षासाठी २० किंवा आयुष्यभरासाठी ८० डॉलरला मिळतो, पण केवळ अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. त्यावर तंबूच्या भाड्यात निम्मी सूट मिळते. मात्र पासधारक स्वतः त्या जागेवर मुक्कामाला असला पाहिजे. आईच्या पासाचा क्रमांक घालून सूट घेतली आणि आई घरीच राहिली, तर पोहोचल्यावर फरक भरावा लागतो. साध्या वार्षिक पासावर भाड्यात सूट नाही, तरी लोक तो क्रमांक घालून पाहतात.

पोहोचल्यावर

मुक्काम दुपारी १२ ते दुपारी १२ असा धरला जातो. खोऱ्यात १ मे ते ३० सप्टेंबर या काळात शेकोटी संध्याकाळी ५ ते रात्री १० एवढ्याच वेळात पेटवता येते आणि तेथील पडलेली लाकडे गोळा करायला मनाई आहे. अस्वलांबाबतचा नियम मात्र घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, समजावून सांगावा. ज्या वस्तूला वास आहे ती प्रत्येक वस्तू जागेवरच्या लोखंडी पेटीत ठेवावी लागते: लोणचे, मसाल्याचा डबा, चिवडा, बाळाची दूध पावडर, आणि तितकेच टूथपेस्ट, साबण, केसांचे तेल, आजोबांच्या खिशातली बामची बाटली. अंधार पडल्यावर मोटारीतही काही ठेवता येत नाही. अस्वले दार वाकवून आत शिरतात आणि नियम मोडणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. बऱ्याच पेट्या सुमारे ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच असतात, म्हणून कूलर विकत घेण्यापूर्वी त्याची उंची मोजावी.

१५ तारखेला जागा मिळाली नाही तरी आशा सोडू नये. पुष्कळ लोक जाण्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत बेत रद्द करतात आणि संकेतस्थळावर आपल्या तारखांसाठी सूचना लावून ठेवता येते. ज्यांचे जाणे रद्द होते त्यांनीही वेळेत कळवावे: १० डॉलर कापून बाकी पैसे परत मिळतात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केल्यास पहिल्या रात्रीचे भाडेही जाते, आणि काहीच न कळवता गैरहजर राहिल्यास २० डॉलर अधिक पहिल्या रात्रीचे भाडे कापले जाते.