रुळावर बसली, पण मापात बसली का?

"माझं स्केल १६.५ मिलिमीटर आहे." मॉडेल रेल्वेच्या नादी लागलेल्या नवख्या माणसाकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते पूर्ण व्हायच्या आधीच माझी मान नकारार्थी हलायला लागते. १६.५ मिमी हे स्केल असूच शकत नाही, ते गेज आहे. हे सांगितलं की पुढचं उत्तर ठरलेलं: "एकच की हो ते!"

एकच नाही. एकच असतं तर माझ्या पहिल्या लेआउटवरचे (म्हणजे फळीवर मांडलेल्या रेल्वेच्या देखाव्यातले) प्रवासी राक्षसासारखे दिसले नसते. त्यांच्याकडे येतोच.

गेजवर मी फार शब्द खर्चणार नाही. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज हे शब्द कानावरून गेलेल्या कुणालाही ते माहीत असतं. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. मध्यापासून मध्यापर्यंत नाही, आतून आत. पट्टी लावली, मोजलं, संपलं.

स्केलला अशी पट्टी लावता येत नाही, कारण ते अंतर नसून प्रमाण आहे. खऱ्या वस्तूचे ८७ मिमी मॉडेलमध्ये १ मिमी झाले, की स्केल १:८७. ते फक्त रुळांना लागू नसतं. इंजिन, डबा, फलाट, दार, सिग्नलचा खांब, फलाटावरचं बाकडं आणि त्यावर पेंगणारा माणूस, सगळ्यांना लागू असतं. (१:४८ मोठं की १:८७ मोठं, हा प्रश्न कृपया मला विचारू नका. अपूर्णांक शाळेत शिकवतात.)

आता गोंधळ होतो कुठे? माझ्या मते तो एचओ नावाच्या मॉडेल-मापामुळे होतो, आणि तोही एचओ फार नीटनेटकं असल्यामुळे. एचओचं स्केल १:८७, गेज १६.५ मिमी. गुणून बघा: १६.५ × ८७ = १४३५.५. जगातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या स्टँडर्ड गेजचं खरं माप १४३५ मिमी. इतकं चपखल. ज्याची सुरुवात एचओने होते, त्याला स्केल आणि गेज वेगळे असल्याचं जाणवायचं कारणच पडत नाही. एक सांगितलं की दुसरं आपोआप कळतं, मग दोन शब्द हवेत कशाला?

मग एक दिवस तो ब्रिटिश इंजिन विकत आणतो. खोक्यावर 'ओओ' लिहिलेलं असतं. इंजिन त्याच रुळांवर बसतं, चाकं बरोबर जुळतात, वीज मिळते, गाडी धावते. तो खूश. पण ओओचं स्केल आहे १:७६.२, म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिमी. १६.५ ला ७६.२ ने गुणलं तर १२५७ येतात. खऱ्या रुळांपेक्षा जवळपास १८ सेंटिमीटर कमी, वीतभराला थोडं उणं! गाडी एका मापाची, रूळ दुसऱ्याच मापाचा. समोरून पाहिलं की अंगाने भरलेला माणूस पाय जुळवून उभा असावा, तसं दिसतं.

हे कुणाच्या अडाणीपणातून झालेलं नाही. ब्रिटनचे बोगदे आणि पूल अरुंद, म्हणून तिथली इंजिनंही युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मिळणाऱ्या विजेच्या मोटारी १:८७ च्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. तेव्हा बनवणाऱ्यांनी इंजिनाचं अंग वाढवलं आणि रूळ होते तेच ठेवले. मोटारी कधीच्या लहान झाल्या, तडजोड मात्र कायम राहिली. ज्यांना ती डोळ्यांत खुपते, ते त्याच १:७६ मध्ये १८.२ मिमीचे (ईएम) किंवा नेमके १८.८३ मिमीचे (पी४) रूळ स्वतः टाकतात आणि प्रत्येक गाडीची चाकं बदलत बसतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्या वाटेला जायची मला अजिबात इच्छा नाही.

माझी तक्रार ओओबद्दल नाहीच. तक्रार आहे खोक्यांवर छापलेल्या 'ओओ/एचओ' या शब्दाबद्दल. रुळांच्या खोक्यावर तो असेल तर ठीक, गेज दोन्हींचं एकच आहे (अर्थात रुळांखालचे आडवे स्लीपर बहुधा एचओच्या मापाचे असतात). पण तोच शब्द घरांच्या, मोटारींच्या, माणसांच्या खोक्यावर? अहो, माणसाला गेज नसतं! माणूस एकतर १:८७ चा असतो नाहीतर १:७६ चा.

मी असंच एक 'ओओ/एचओ' पाकीट आणून एचओच्या फलाटावर प्रवासी चिकटवले. माणसं उंच का वाटतात हे कळेना, म्हणून एकाला मोजलं: साधारण २२ मिमी. १:७६ मध्ये तो १७० सेंटिमीटरचा सज्जन गृहस्थ. माझ्या १:८७ च्या जगात तोच १९० च्या वर गेलेला. झाडून सगळे प्रवासी बास्केटबॉलच्या संघातले! लोक म्हणतात, दोन-अडीच मिलिमीटरने काय होतं? लांबी १४ टक्क्यांनी वाढते, पण रुंदी आणि उंचीही तेवढीच वाढते, त्यामुळे आकारमान जवळपास दीडपट होतं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मोटारींमधला हा फरक लहान मुलालाही दिसतो.

एन नावाच्या आणखी लहान मापाचं तेच. एन हे अक्षर नऊ या आकड्यावरून आलं, ९ मिमी गेज. (इंग्रजीतला नऊ, जर्मनमधला नऊ आणि आपला नऊ, तिन्ही न नेच सुरू होतात, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं.) म्हणजे नाव गेजचं झालं. स्केल? ते वेगळं विचारावं लागतं. युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये १:१५०. जपानची तर गंमतच आहे. तिथल्या बऱ्याचशा गाड्या १०६७ मिमीच्या रुळांवर धावतात, त्यांची मॉडेलं १:१५० मध्ये. शिंकानसेन मात्र १४३५ वर धावते, म्हणून तिचं मॉडेल १:१६० मध्ये. एकाच फळीवर, एकाच रुळावर दोन स्केल सुखाने नांदतात.

आणि कुणी "माझं जी स्केल आहे" म्हणालं, की मी विचारतो, "त्यातलं कुठलं?" बागेत मांडायच्या त्या मोठ्या गाड्यांचं गेज ४५ मिमी, एवढंच पक्कं. १:२२.५ ची गाडी ठेवली तर ते रूळ मीटरगेजचे होतात (४५ × २२.५ = १०१२.५). १:३२ ची ठेवली तर तेच रूळ स्टँडर्ड गेजचे (१४४०). १:२०.३ ची ठेवली तर तीन फुटी नॅरोगेजचे (९१३.५). रूळ जागचे हललेले नाहीत. त्यांचा अर्थ वर उभ्या असलेल्या गाडीने ठरवला.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली, की तिचा फायदाही घेता येतो. नॅरोगेजवाले तेच करतात. १:४८ च्या गाड्या एचओच्या १६.५ मिमी रुळांवर चालवल्या, की ते रूळ साधारण अडीच फुटी नॅरोगेजचे ठरतात. याला ओएन३० म्हणतात (यातला एन नॅरोचा, ९ मिमीचा नव्हे). १:७६ च्या गाड्या एनच्या ९ मिमी रुळांवर चालवल्या, की ओओ९. अशी नावं वाचायची रीतही सोपी आहे: पुढचं अक्षर स्केलचं, शेपटी गेजची. ओएन३० मधले ३० म्हणजे खऱ्या रुळांमधलं इंचांतलं अंतर, ओओ९ मधले ९ म्हणजे मॉडेलच्या रुळांमधले मिलिमीटर. या दोन शेपट्या एकाच एककात का नाहीत, हे विचारू नका. मीही विचारणं सोडलंय.

साडेपाच फुटी ब्रॉडगेज करू पाहणाऱ्यांसाठी मला फार आवडणारा एक हिशेब सांगतो. १६७६ मिमीला ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतात, म्हणून एचओच्या तयार रुळांवर ब्रॉडगेजची गाडी अरुंद पायांची दिसते. पण एका फुटाला ३ मिमी धरले, म्हणजे स्केल १:१०१.६ घेतलं, तर साडेपाच गुणिले तीन बरोबर साडेसोळा. अगदी काटेकोर! तयार रूळ वापरा आणि गेजही नेमकं मिळवा. मात्र या स्केलमधलं तयार सामान क्वचितच मिळतं, त्यामुळे डबे स्वतःच कापायची तयारी हवी.

ओ गेजबद्दल एवढंच, की रूळ ३२ मिमीचे, स्केल ब्रिटनमध्ये १:४३.५, जर्मनीत १:४५, अमेरिकेत १:४८, आणि ते अक्षर मुळात ओ नसून शून्य आहे. रुळांच्या खोक्यावरचा 'कोड १००' हा स्केलही नाही आणि गेजही नाही. ती रुळाची उंची आहे, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. तिच्यावरून होणारे वाद मी ऐकतो आणि सोडून देतो.

तेव्हा रूळ घेताना गेज विचारा. घर, मोटार, माणूस घेताना फक्त स्केल विचारा आणि दुकानदाराने अक्षर सांगितलं तर आकडा मागा. इंजिन आणि डबे घेताना दोन्ही विचारा. झाडांना काहीच विचारू नका. एका स्केलचा वृक्ष दुसऱ्या स्केलमध्ये रोपटं ठरतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मी स्वतः एचओच्या लेआउटवर मुद्दाम एनची घरं वापरतो, अगदी मागे, डोंगराच्या उतारावर. १:१६० ची घरं १:८७ च्या गाडीमागे लांबवर असल्यासारखी वाटतात आणि हातभर खोलीचा लेआउट कोसभर दिसायला लागतो. फक्त त्या घरांच्या दारात माणूस उभा करायचा नाही. मी केला होता. त्याचं डोकं कौलांना लागत होतं.