फर्मवेअर अपडेटनंतर लिनक्स जाते कुठे?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदत असतील, तर फर्मवेअरच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर कधी कधी प्रणाली निवडायचा ग्रबचा मेनू येतच नाही, थेट विंडोज उघडते. लिनक्स पुसले गेले असे समजून लोक ते नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. कृपया तसे करू नका. डिस्कवरच्या फाइलींना धक्काही लागलेला नसतो.

फर्मवेअरचा मुक्काम मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो. हल्ली ती बहुधा 16 किंवा 32 मेगाबाइटची असते. कोणत्या प्रणालीचा लोडर (ती सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कुठे आहे, याच्या 'बूट0000', 'बूट0001' अशा नोंदी यूईएफआय या हल्लीच्या प्रकारचे फर्मवेअर सहसा तिथेच ठेवते. त्यांचा क्रम 'बूटऑर्डर'मध्ये. काही यंत्रांवर अपडेटमध्ये या नोंदी उडतात. पुस्तक शाबूत, फक्त अनुक्रमणिकेचे पान फाटले, असा हा प्रकार. विंडोजचा लोडर ठरलेल्या जागी सापडतो, म्हणून तेवढे सुरू होते. लिनक्सचा लोडरही डिस्कच्या ईएसपी पार्टिशनमध्ये (लोडरसाठी राखलेल्या भागात) असतोच. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या पेनड्राइव्हवरून) लिनक्स चालवून 'efibootmgr' या आज्ञेने नोंद परत घालता येते.

अपडेट कुठून करायचे? कुठूनही, पण एकदाच. फर्मवेअर दोन्ही प्रणालींचे एकच असते. विंडोज काय किंवा लिनक्सवरचे 'एफडब्ल्यूअपडी' हे अपडेट साधन काय, बहुतेक वेळा नवी फाइल फर्मवेअरच्या हवाली करतात. चिपवर ती लिहिली जाते रीस्टार्टनंतर, कोणतीही प्रणाली सुरू होण्याआधी. त्या काही मिनिटांत वीज जाता कामा नये.

मला खरी काळजी वाटते ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. यंत्र सुरू होताना काय काय चालले याचे मोजमाप टीपीएम ही सुरक्षा चिप ठेवते आणि ते जुळले तरच डिस्कची किल्ली देते. फर्मवेअर बदलले की मोजमाप बदलू शकते आणि विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागते. विंडोजमार्गे येणारे अपडेट सहसा बिटलॉकर आधीच तात्पुरते थांबवते. लिनक्समधून अपडेट केले, तर विंडोजला त्याचा पत्ताच नसतो. तेव्हा आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर 'सस्पेंड' करा आणि ती की कागदावर उतरवून घ्या. त्याच डिस्कवर ठेवलेली की ऐनवेळी उघडणार कशी?

फर्मवेअर सेटिंग्जच्या पडद्यांचे फोटोही काढून ठेवा, विशेषतः सिक्युअर बूट (फक्त विश्वासू लोडर चालू देणारी सोय) आणि स्टोरेज मोडचे (डिस्क कशी चालवायची त्या पर्यायाचे). अपडेटनंतर स्टोरेज मोड 'रेड'चा 'एएचसीआय' झाला, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते. अशा वेळी जुना मोड परत लावला की बहुधा ते पुन्हा सुरू होते.