उंचावरून दिसणारं क्षितिज

उंच इमारतीच्या ऑब्झर्व्हेशन डेकवर पोचलं की माणूस आधी खाली बघतो. रस्ते, पूल, मैदानं ओळखण्यात आणि फोटो काढण्यात वेळ संपतो. त्यातली दहा मिनिटं तरी क्षितिजासाठी राखून ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं. आपण एका प्रचंड गोलावर उभे आहोत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहण्याची इतकी चांगली सोय सहसा मिळत नाही.

समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर दिसतं. त्यापलीकडचं पाणी पृथ्वीच्या गोलाईआड गेलेलं असतं. वर चढावं तसं क्षितिज मागे सरकतं, पण उंचीच्या नव्हे, तर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. हिशेब सोपा आहे. जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. १०० मीटरवरून ते सुमारे ३६ येतं, ४०० मीटरवरून ७१. उंची चौपट झाली तेव्हा कुठे नजर दुप्पट लांब गेली! दुबईच्या बुर्ज खलिफातला १४८व्या मजल्यावरचा डेक ५५५ मीटर उंचीवर आहे. तिथून क्षितिज ८४ किलोमीटरवर असतं. हवेतून येताना प्रकाशकिरण किंचित वाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात ते आणखी सात-आठ टक्के लांब दिसतं.

मग टोकियो स्कायट्री या मनोऱ्याच्या ४५० मीटरवरच्या डेकवरून सुमारे १०० किलोमीटर लांबचा फुजी पर्वत कसा दिसतो? हिशेबाने तिथलं क्षितिज तर ७६ किलोमीटरवरच आहे. कारण फुजी स्वतः ३,७७६ मीटर उंच आहे. त्याचा पायथा गोलाईआड जातो, माथा मात्र वर राहतो.

तोही दिसतो तो हिवाळ्यात, हवा कोरडी आणि स्वच्छ असताना. क्षितिज किती लांब हे भूमिती ठरवते, पण ते दिसेल की नाही हे हवेच्या हातात असतं. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून लांबचे डोंगर निळसर दिसतात. धूळ, धूर आणि बाष्प शोषून फुगलेले बारीक कण मात्र सगळेच रंग विखुरतात आणि समोर पांढुरका पडदा धरतात. थंडीतल्या सकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. ती वर चढत नाही, आणि शहराचा धूर तिच्यात कोंडून राहतो. डेक त्या थराच्या वर असेल, तर थराची करडी कड पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. लांबचं बघायचं असेल, तर चांगला पाऊस पडून आकाश मोकळं झाल्यावर जावं.

उंचावर आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा लक्षात येत नाही. क्षितिज डोळ्यांच्या पातळीत राहत नाही, खाली झुकतं. ५५५ मीटरवरून हा झुकाव सुमारे पाऊण अंश भरतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दीडपट. अकराव्या शतकात अल-बिरुनी या विद्वानाने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून असाच झुकाव मोजला आणि डोंगराची उंची व तो कोन एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. पृथ्वीला फेरा न मारता, एका जागी उभं राहून! मला ही कल्पना विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

या झुकावामुळे वरच्या माणसाचा सूर्यही उशिरा मावळतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे पाऊण अंशाला तीन मिनिटं. २०११ साली दुबईच्या धर्मगुरूंनी रमजानसाठी जे सांगितलं, ते या गणिताशी जुळतं: बुर्ज खलिफाच्या ८० ते १५० या मजल्यांवर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, त्याहून वरच्यांनी तीन मिनिटं.

त्या इमारतीची लिफ्ट सेकंदाला १० मीटर वेगाने चढते. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो, म्हणून कानांना दडे बसतात. आवंढा गिळला की मोकळे होतात. पण प्रवास मिनिटभराचाच. खाली सूर्य बुडताना पाहून लगेच लिफ्ट मिळाली, तर वर तोच सूर्यास्त पुन्हा पाहता येईल.

दोघं जण असाल तर अल-बिरुनीचं काम घड्याळावरही करता येतं. एकाने खाली थांबायचं, दुसऱ्याने डेकवर, आणि सूर्याची शेवटची कड दिसेनाशी झाल्याची वेळ दोघांनी सेकंदासकट टिपायची. दोन वेळांमधल्या फरकावरून कोन मिळतो, कोन आणि उंचीवरून त्रिज्या. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तिथे हिशेब सोपा. इतरत्र तो तिरका उतरतो, तेवढी दुरुस्ती करावी लागते. अट एकच: पश्चिमेला समुद्र किंवा सपाट वाळवंट हवं, आणि खालच्या माणसालाही ते क्षितिज उघडं दिसायला हवं.