आयटी सपोर्टमधून पुढे जाण्यासाठी सर्टिफिकेशन: कोणतं निवडायचं, पात्रता काय, कागदपत्रं कोणती

हेल्पडेस्कवर दोन-तीन वर्षं पासवर्ड रीसेट, प्रिंटर आणि आउटलुक यांतच गेली की प्रश्न पडतो, आता कोणतं सर्टिफिकेशन करू? क्लासवाले एका दमात सहा नावं सांगतात. पैसे भरण्याआधी पुढचं पद कोणतं हवं आहे ते ठरवा, कारण या परीक्षांची फी पगाराच्या मानाने मोठी असते. एकट्या सीसीएनएची (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) फी ३०० डॉलर आहे, वर कर वेगळा.

आधी एक नेहमीचा गैरसमज. एमएस-सीआयटी झालं आहे, ते चालेल का, असं बरेच जण विचारतात. शासकीय नोकरीसाठी त्याचा उपयोग आहे, पण तो संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. सपोर्ट इंजिनिअरच्या मुलाखतीत त्याच्यावर कोणी काही विचारत नाही.

डिग्री नसेल, आयटीआय किंवा बारावीनंतर थेट या क्षेत्रात येत असाल, तर कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लसपासून (संगणक सपोर्टची पायाभूत परीक्षा) सुरुवात करा. तीन वर्षं डेस्कटॉप सपोर्ट करून झालं असेल तर मात्र ए प्लसवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना स्विच-राउटरकडे जायचं आहे त्यांनी सीसीएनए करावं. ऑफिसमधले लॅपटॉप इंट्यूनवरून (कंपनीचे संगणक दूरून सांभाळण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) सांभाळले जात असतील तर मायक्रोसॉफ्टची एमडी-१०२ ही परीक्षा रोजच्या कामाशी थेट जुळते. मोठ्या सर्व्हिस कंपनीत टीम लीडकडे जायचं असेल तर आयटिल फाउंडेशन, म्हणजे आयटी सेवांच्या व्यवस्थापनाची पायाभूत परीक्षा. त्यात ४० प्रश्न, एक तास वेळ आणि पास व्हायला २६ उत्तरं बरोबर लागतात.

पात्रतेचं म्हणाल तर या चारही परीक्षांना डिग्रीची किंवा मार्कांची अट नाही. ए प्लससाठी साधारण १२ महिन्यांच्या कामाचा अनुभव असावा असं कॉम्पटिया सुचवते, पण तो दाखला कोणी मागत नाही. १३ ते १७ वयाच्या मुलांना पालकांचं संमतिपत्र लागतं. एमडी-१०२ देण्याआधी एझेड-९०० (मायक्रोसॉफ्टची क्लाउडची प्राथमिक परीक्षा) पास असावीच लागते, असं काही क्लासमध्ये सांगतात. तशी कोणतीही अट नाही.

आता ए प्लसचा अर्ज, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. ए प्लस म्हणजे दोन वेगळ्या परीक्षा, कोअर १ आणि कोअर २. फी दोन्हींची वेगवेगळी. सध्याचे कोड २२०-१२०१ आणि २२०-१२०२. आधीच्या ११०१ आणि ११०२ या परीक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या, तेव्हा जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. दोन्ही पेपर एकाच मालिकेतले लागतात. प्रत्येक पेपरला जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. गुण १०० ते ९०० च्या मापात मिळतात. कोअर १ ला ६७५ आणि कोअर २ ला ७०० लागतात. काही प्रश्नांत पडद्यावर प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. ते बहुधा सुरुवातीलाच येतात आणि वेळ खातात. ते खूण करून पुढे जा, शेवटी परत या.

सर्वात आधी कॉम्पटियाच्या साइटवर खातं उघडा. देश भारत निवडा, म्हणजे इथली किंमत दिसेल. व्हाउचर, म्हणजे फी भरल्यावर मिळणारा कोड, विकत घ्या. मग त्याच खात्यातून पीअर्सन व्ह्यूवर (ही परीक्षा घेणारी कंपनी) जाऊन केंद्र किंवा घरून परीक्षा, तारीख आणि वेळ निवडा. अपंगत्वामुळे जास्त वेळ किंवा दुसरी सोय हवी असेल तर ती मंजुरी तारीख घेण्याआधी मिळवावी लागते.

खातं उघडताना नाव जपून लिहा. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आणि कुठे कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची तर दोन-दोन नावांची ओळखपत्रं असतात. खात्यातलं नाव तुम्ही दाखवणार त्या ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे. माझ्यासोबत काम करणारा एक मुलगा याच कारणाने केंद्राच्या दारातून परत आला आणि त्याची पूर्ण फी गेली. चार महिने पैसे साठवून भरली होती त्याने. चूक आधी लक्षात आली तर परीक्षेच्या बरेच दिवस आधी कळवून नाव दुरुस्त करून घेता येतं.

ओळखपत्रं दोन न्या. मुख्य ओळखपत्र सरकारी, मुदतीतलं आणि फोटो, नाव व सही असलेलं हवं. पासपोर्ट सगळ्यात निर्धास्त. दुसऱ्यावर नावासोबत सही किंवा फोटो असावा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधलं डिजिलॉकर चालत नाही, मूळ कार्डच लागतं. आधार कार्डावर सही नसते, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नका.

घरून परीक्षा देणार असाल तर ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. त्यातलं व्हीपीएन आणि फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतात. टेबल मोकळं हवं आणि दुसरा मॉनिटर जोडलेला नको. खोलीत कोणी आलं तरी परीक्षा रद्द होऊ शकते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं राहत असतील, किंवा दुपारी वीज जात असेल, तर सरळ केंद्रावर जा.

तारीख बदलायची असेल तर किमान २४ तास आधी बदला. नापास झालात तर ए प्लसचा दुसरा प्रयत्न लगेच देता येतो, तिसऱ्यापासून मध्ये १४ दिवस थांबावं लागतं. सीसीएनएला पाच दिवस. मात्र ए प्लस आणि सीसीएनएला प्रत्येक प्रयत्नाची फी नव्याने भरावी लागते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'डम्प'ना, म्हणजे फोडलेल्या प्रश्न-उत्तरांच्या संचांना, हात लावू नका. सापडलात तर मिळालेलं सर्टिफिकेशनही काढून घेतात, आणि पाठांतर मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांतच उघडं पडतं.

ए प्लस आणि सीसीएनएची मुदत तीन वर्षं आहे. ए प्लस टिकवायला त्या काळात २० शिक्षण गुण (प्रशिक्षण वगैरे केल्यावर मिळणारे) जमवा किंवा कॉम्पटियाचीच नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लससारखी वरची परीक्षा द्या. वरची पास झाली की खालचं आपोआप नवं होतं. एमडी-१०२ चं सर्टिफिकेशन एकच वर्ष चालतं, पण नूतनीकरण मोफत आणि घरबसल्या होतं. ते मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतं. मुदत एकदा संपली की पूर्ण परीक्षा पैसे भरून परत द्यावी लागते, तेव्हा ती तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.