लोकलस्टोरेज की सेशनस्टोरेज?

डार्क मोड चालू, अक्षरं मोठी, भाषा मराठी. वापरणाऱ्याने एकदा निवडलं की लक्षात ठेवायचं काम आपल्या कोडचं. ब्राउझरमध्ये त्यासाठी दोन जागा आहेत, लोकलस्टोरेज आणि सेशनस्टोरेज, आणि दोन्हीकडे व्यवहार सारखाच: ठेवताना सेटआयटम (setItem), परत घेताना गेटआयटम (getItem). गल्लत इथूनच सुरू होते.

त्यात नाव फसवं. 'सेशन' म्हटलं की लॉगिन ते लॉगआउट असं वाटतं, पण सेशनस्टोरेजला लॉगिनचं काही पडलेलं नसतं. ते एका टॅबचं. पान रिफ्रेश केलं तरी टिकतं, टॅब बंद केला की गेलं. शेजारच्या नव्या टॅबमध्ये तीच साइट उघडली तर पाटी कोरी. (टॅब डुप्लिकेट केला तर मात्र जुन्याची नक्कल मिळते; पुढे दोघांचे संसार वेगळे.) लोकलस्टोरेज त्या साइटच्या सगळ्या टॅबांचं सामायिक असतं आणि मशीन बंद करून चालू केलं तरी जागेवर सापडतं. पोर्ट, म्हणजे पत्त्यातला शेवटचा आकडा, बदललं की मात्र घर बदललं: लोकलहोस्ट (आपलंच मशीन) 3000 वर ठेवलेलं 8080 वर मिळत नाही.

म्हणून थीम, भाषा लोकलमध्ये. पण कुणी दोन टॅबांत दोन तारखांच्या गाड्या बघत असेल, तर शोधाचे फिल्टर सेशनमध्येच हवेत. लोकलमध्ये ठेवले तर एक टॅब दुसऱ्याचं पुसून टाकतो.

मला सर्वात जास्त रडवलंय ते दोन्हीकडच्या एकाच खोडीने: आत फक्त स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, राहते. 'नोटिफिकेशन बंद' म्हणून फॉल्स (false) ठेवलं, परत आली ती पाच इंग्रजी अक्षरांची स्ट्रिंग, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग इफमध्ये खरीच ठरते. ठेवताना जेसन स्ट्रिंगिफाय (JSON.stringify, मूल्याचा मजकूर करणारं), परत घेताना जेसन पार्स (JSON.parse, मजकुराचं पुन्हा मूल्य करणारं), याला पर्याय नाही. मागितलेल्या नावाची नोंदच नसेल तर नल (null, 'काहीच नाही') मिळतं, तेव्हा डीफॉल्ट द्यायचा. तो दोन उभ्या दांड्यांनी (||) देऊ नका, त्या शून्यालाही 'नाही' समजतात; कुणी आवाज शून्यावर नेला असेल तर त्याच्या डोक्यावर तुमचा डीफॉल्ट बसतो. दोन प्रश्नचिन्हं (??) वापरा, ती नल आणि अनडिफाइन्डलाच हटकतात.

पासवर्ड, टोकन (लॉगिन झाल्याची खूण) दोन्हींपैकी कुठेच नको. पानावरची कुठलीही स्क्रिप्ट दोन्ही जागा वाचू शकते. आणि लोकल म्हणजे कायमचं असंही नाही. सफारी 2020 पासून, वापराच्या 7 दिवसांत ज्या साइटला हात लावला नाही, तिथे स्क्रिप्टने ठेवलेलं पुसून टाकते. लॉगिन असेल तर सेटिंगची एक प्रत सर्व्हरवर ठेवा.