ऑल-ग्रेन बिअर

माल्ट केलेल्या धान्यातल्या पिष्टाची साखर स्वतः करून घेऊन त्या गोड पाण्यापासून, म्हणजे वॉर्टपासून, घरच्या पातेल्यात बिअर तयार करण्याची पद्धत. नवशिके बहुधा माल्टच्या तयार अर्कापासून सुरुवात करतात. तो काकवीसारखा दाट अर्क पाण्यात विरघळवला की वॉर्ट तयार. ऑल-ग्रेनमध्ये अर्क नसतो. दळलेले माल्ट आणि गरम पाणी यांच्यापासूनच वॉर्ट काढावे लागते. याला काही तास जास्त लागतात, पण बिअरचा अंगभार (तोंडात जाणवणारा भरदारपणा), गोडवा आणि कोरडेपणा करणाऱ्याच्या हाती येतो तो याच तासांत.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे आणि घरी पिण्यापुरती बिअरही त्यातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये अशा बिअरसाठी १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने तशी मुभा दिली. त्यामुळे पुढील वर्णन ही प्रक्रियेची ओळख आहे. मराठवाड्याचे हवामान, पाणी आणि धान्य तिच्या आड कुठे येतात आणि मदतीला कुठे येतात, हे त्यात पाहिले आहे.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. फडक्यात मटकी बांधणाऱ्या, नाचणीला मोड आणून बाळासाठी सत्त्व करणाऱ्या घराला यातले अर्धे शास्त्र आधीच ठाऊक असते. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी एन्झाइम तयार होतात. वेळीच वाळवले की कोंबाची वाढ थांबते, एन्झाइम मात्र टिकून राहतात. बिअरसाठी मुख्यतः जव वापरतात. तो मराठवाड्यात फारसा पिकत नाही. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशाकडून येतो.

पहिल्या खेपेला वीस लिटर बिअर धरावी. तिला सुमारे ५ किलो फिकट माल्ट लागते. ते जाडसर भरडायचे, पीठ करायचे नाही. दाणा फुटावा आणि टरफल शाबूत राहावे, कारण पुढे तेच टरफल गाळणीचे काम करते. मॅशिंग म्हणजे हा भरडा १४ लिटर गरम पाण्यात कालवून तासभर ६६ अंशांच्या आसपास धरून ठेवणे. ६० ते ६५ अंशांवर बीटा-अमायलेज हे एन्झाइम जोमात असते. त्याने केलेली साखर यीस्ट, म्हणजे साखरेचे अल्कोहोल करणारे किण्व, जवळजवळ पूर्ण खाते आणि बिअर कोरडी, हलकी होते. ७० च्या जवळ अल्फा-अमायलेज या दुसऱ्या एन्झाइमचे राज्य असते. तेव्हा यीस्टला न पचणाऱ्या, साखरेच्या लांब साखळ्या मागे राहतात आणि बिअर भरदार लागते. म्हणून थर्मामीटर हे या कामातले पहिले हत्यार. पाणी किती तापवायचे हे माल्ट किती गार आहे यावर ठरते. जानेवारीत कोठीतले माल्ट १८ अंशांवर असेल तर पाणी ७३ अंश लागते. मे महिन्यात तेच माल्ट ३८ अंशांवर असते आणि ७० अंशांचे पाणी पुरते. परदेशी पुस्तकातला आकडा तसाच उचलला तर इथे उन्हाळ्यात मॅश जास्त तापते. भांडे जाड गोधडीत गुंडाळले की तास सहज निभावतो. शेवटी चमचाभर रसात आयोडीनचा थेंब टाकून पाहतात. निळा-काळा रंग आला तर पिष्ट अजून शिल्लक आहे.

मग रस गाळून घेतात आणि ७५ अंशांचे सुमारे १७ लिटर पाणी चोथ्यावरून हळूहळू सोडून उरलेली साखर धुऊन घेतात. चोथा प्रत्येक किलोमागे लिटरभर पाणी धरून ठेवतो, म्हणून हाती २६ लिटरच्या आसपास वॉर्ट येते.

जवाऐवजी ज्वारी का नाही, हा प्रश्न मराठवाड्यात कोणीही पहिल्यांदा विचारेल, आणि तो विचारायलाच हवा. आफ्रिकेत ज्वारीची बिअर जुनी आहे. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केल्यावर तिथले मोठे कारखानेही ज्वारीकडे वळले. पण ज्वारीचे पिष्ट फुलायला ७० च्या वरचे तापमान लागते, आणि त्या तापमानाला बीटा-अमायलेज टिकत नाही. ज्वारीच्या माल्टमध्ये ते मुळातच कमी असते. शिवाय मळणी केलेल्या ज्वारीला टरफल नाही, त्यामुळे गाळताना लगदा बसतो. आणखी एक गोष्ट विसरू नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात, किराळ लागते, ते ज्या विषामुळे, ते धुरिन मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांतही असते आणि त्यापासून सायनाइड सुटते. म्हणून पहिल्या खेपेला ज्वारीला मोड आणू नयेत. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून एकूण धान्याच्या पाचव्या भागाइतक्या जवाच्या मॅशमध्ये मिसळणे हाच सुरक्षित आणि सोपा मार्ग; कण्यांचे पिष्ट फोडायला जवाचे एन्झाइम पुरतात.

पाण्याचे कोडे दुहेरी आहे. बेसाल्टाच्या खडकातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड, बायकार्बोनेटयुक्त असते. त्याने मॅशचा सामू हव्या त्या ५.२ ते ५.५ च्या वर जातो आणि फिकट बिअरला तुरट चव येते. भाजलेले काळे माल्ट आम्लधर्मी असते, म्हणून अशा पाण्यात स्टाउटसारखी गडद बिअर चांगली जमते. डब्लिनचे पाणीही असेच, आणि तिथली स्टाउट त्याच पाण्यावर वाढली. याउलट जारच्या आरओ पाण्यात कॅल्शियमच उरत नाही. त्यात चिमूटभर खाद्य दर्जाचे जिप्सम घालावे लागते.

दुसरा प्रश्न पाणी किती लागते याचा. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती, आणि त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले. जिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे उकळते वॉर्ट गार करण्यासाठी तांब्याच्या वेटोळ्यातून पाणी वाहू देणे पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांची रीत इथे योग्य. उकळते वॉर्ट उष्णता सोसणाऱ्या, स्वच्छ कॅनमध्ये भरून घट्ट बंद करायचे आणि रात्रभर तसेच निवू द्यायचे.

गार करण्याआधीचे हे उकळणे तासाभराचे, झाकण न ठेवता. संभाजीनगरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, त्याने बिघडत नाही. ३०-४० ग्रॅम हॉप्स (एका वेलीची वाळवलेली कडवट फुले) सुरुवातीला टाकले की कडवटपणा येतो, शेवटी टाकले की सुगंध.

निवलेल्या वॉर्टमध्ये यीस्ट घालून ते बादलीत आंबवतात. इथे उन्हाळा मात्र खरा शत्रू. एल प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला १८ ते २० अंश हवेत. २५ च्या वर फ्युझेल अल्कोहोल वाढते, बिअरला थिनरसारखा वास येतो आणि डोके धरते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. बादलीभोवती ओले गोणपाट गुंडाळून कूलरसमोर ठेवले तर कोरड्या हवेत तापमान काही अंश उतरते. माठ गार होतो त्याच नियमाने. तरीही पहिली खेप डिसेंबर-जानेवारीचीच असावी. उन्हाळ्यातच करायची असेल तर नॉर्वेतले क्वाइक यीस्ट घ्यावे. ते ३५ अंशांच्या वरही चांगले काम करते. आपल्या हवेला याहून योग्य यीस्ट नाही.

दोन आठवड्यांत बिअरची पाण्याच्या तुलनेतली घनता १.०४८ वरून १.०११ च्या आसपास येते, म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जवळ. ती सलग तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. बाटलीत फेस येण्यासाठी लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर पुरते; घाई केली किंवा साखर जास्त पडली तर काचेची बाटली फुटते. उरलेला चोथा गायी-म्हशींना चालतो, पण त्याच दिवशी घालावा, उन्हाळ्यात तो दुसऱ्या सकाळपर्यंत आंबतो.