सबचा आवाज बिघडलाय? नवा सब घेण्याआधी हे वाचा

“बास फाटतोय, सब बदलून टाका.” असं म्हणत गाडी आमच्याकडे येते, तेव्हा सबला (म्हणजे सबवूफरला, खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला) हात लावायच्या आधी आम्ही डिकी रिकामी करतो आणि मल्टिमीटर काढतो. ठाण्यात इतकी वर्षं गाड्यांच्या साउंडचं हेच काम करताना एक गोष्ट पक्की कळली आहे. सब स्वतः बिघडलेला क्वचितच निघतो. दोष सापडतो तो वायरीत, सब बसवलेल्या बॉक्समध्ये, अँपच्या (सबला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरच्या) बटणांत नाहीतर डिकीत पडलेल्या जॅकमध्ये. म्हणून हे पत्रक. यातल्या बऱ्याच तपासण्या तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करू शकता, आणि तिथेच प्रश्न सुटला तर आमच्याकडे यायचीही गरज नाही.

आधी नीट ऐका. तबल्याचा डग्गा वाजतो तेव्हा थाप पडते, घुमारा उठतो आणि विरून जातो. चांगल्या सबमधून या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात. थाप गायब होऊन नुसतं ‘भूंऽऽ’ राहत असेल तर बॉक्स किंवा फिल्टर बघायचा. आवाज मोठा केल्यावरच फाटत असेल तर अँपचं गेनचं बटण. कधी येतो, कधी जातो, असं असेल तर करंट. आणि बासबरोबर पत्रा वाजत असेल तर सबचा काहीच दोष नाही.

खडखड

फोनवर 40 ते 50 हर्ट्झचा सलग टोन मध्यम आवाजात लावा. एकाने गाडीभोवती फिरून नंबर प्लेट, डिकीचं झाकण, मागची काच, मागच्या सीटमागचा ट्रे हाताने दाबत जायचं. जिथे दाबल्यावर खडखड थांबते, तिथे गुन्हेगार सापडला. नंबर प्लेटमागे फोमची पट्टी, जॅक आणि पान्यांना जुन्या टॉवेलची गुंडाळी, स्टेपनीचा बोल्ट घट्ट. एवढ्यावर भागलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीत हे स्क्रू दर काही महिन्यांनी ढिले होतातच. पत्र्याची थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट नक्की उपयोगी पडते, पण ढिला स्क्रू तिच्याखाली झाकला गेला तर आवाज तसाच राहतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

आम्हाला कुठल्या एका गोष्टीचं सर्वांत जास्त वाईट वाटत असेल तर याचं. चांगला सब, चांगला अँप, आणि गेनचं बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलेलं.

स्टिरिओकडून अँपला जो सिग्नल येतो त्याच्याशी अँपचा मेळ घालणं, एवढंच गेनचं काम. गेन गरजेपेक्षा वाढवला की आवाजाच्या लाटेचा माथा अँपला उभा करता येत नाही, तो सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कानाला तो आवाज फाटका लागतो आणि सबच्या कॉइलमध्ये (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीत) नुसती उष्णता साठत जाते. कॉइल जळते ती बहुतेक वेळा अशी. गाडीत जळकट वास आला तर त्याच क्षणी आवाज बंद करा.

बरोबर गेन असा लावतात. फोनचा इक्वलायझर बंद, स्टिरिओचा बास शून्यावर, लाउडनेस बंद, अँपचा बास बूस्ट शून्यावर, गेन सर्वांत कमी. इंजिन चालू ठेवायचं, म्हणून हे काम मोकळ्या हवेत. स्टिरिओ पूर्ण आवाजाच्या तीन चतुर्थांशावर ठेवून ओळखीचं गाणं लावा. गेन हळूहळू वाढवा, पहिल्यांदा आवाज फाटल्यासारखा वाटला की थोडा मागे घ्या आणि तिथेच सोडा.

घरी मीटर असेल तर आणखी नेमकं जमतं. सबची वायर अँपपासून सोडवा, पूर्ण लेव्हलचा 50 हर्ट्झचा टोन लावा आणि अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओहम (सबवर लिहिलेला विरोधाचा आकडा), त्याचं वर्गमूळ, एवढंच गणित. 300 वॅट आणि 4 ओहम असेल तर साधारण 34.6 व्होल्ट, 2 ओहमला 24.5. त्याच्या वर जायचं नाही. हिशेबात आरएमएस वॅटच (म्हणजे सलग चालणारी ताकद) घ्या, आणि अँप व सब यांच्यात ज्याचा आकडा कमी असेल तो घ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘मॅक्स’ आकड्याला या कामात काही अर्थ नाही.

बास बूस्टबद्दल आमचं मत स्पष्ट आहे, तो शून्यावरच ठेवा. फोनमध्ये बास वाढवलेला, स्टिरिओत वाढवलेला आणि वर अँपवरही, म्हणजे तीनदा मीठ घातलेली आमटी.

फिल्टर आणि फेज

सबचा लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि दारांतल्या स्पीकरचा हाय-पासही (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) तिथेच. फिल्टर 150 च्या वर गेला की पुरुषी आवाजातलं गाणं डिकीतून आल्यासारखं वाटू लागतं.

फेज म्हणजे सबची लाट बाकी स्पीकरच्या लाटेशी जुळते की उलटी पडते ते. त्याची गंमत वेगळी आहे. 40 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेआठ मीटर लांब असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आत. त्यामुळे डिकीपाशी उभं राहून ऐकलेला बास आणि ड्रायव्हरच्या सीटवर येणारा बास यांचा काही संबंध नसतो. तुम्ही सीटवर बसा, दुसऱ्या कुणाला तरी फेजचं बटण 0 आणि 180 मध्ये बदलायला सांगा. ज्या बाजूला बास भरीव लागेल ती बाजू बरोबर. बॉक्सचं तोंड कुठे करायचं तेही असंच ठरवा. सेडानमध्ये डिकी आणि केबिनच्या मध्ये सीटची भिंत असते, तिथे तोंड मागे करून बघण्यासारखं असतं.

करंट आणि अर्थ

कळव्याहून एक गाडी आली होती. दुसरीकडे दोनदा सब बदलून झाला होता, तरी पावसाळ्यानंतर आवाज दबलेला आणि मध्येच बंद. आम्ही मागची सीट उचलली. अँपची अर्थ वायर (गाडीच्या पत्र्याला जोडायची निगेटिव्ह वायर) सीटबेल्टजवळच्या एका बोल्टला रंगावरच लावलेली, आणि खाली गंज. रंग घासून चकचकीत पत्रा काढला, वायरीच्या टोकाला नवीन लग (बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) आणि स्वतंत्र बोल्ट लावला, वरून ग्रीस. जुन्याच सबने काम भागलं. त्या काकांचे दोन सबचे पैसे मात्र गेले ते गेले.

अर्थ वायर आखूड हवी, हातभर नाही, त्याहूनही कमी. जाडी पॉझिटिव्हइतकीच. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये, तो तुमच्या जिवासाठी आहे.

करंट तपासायला मीटर अँपच्याच टर्मिनलवर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू असताना 13.8 ते 14.4. बासचा ठोका पडताच आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घसरत असेल तर वायर किंवा जोड कमजोर आहे. बासबरोबर हेडलाइट मंदावत असतील तर मीटरशिवायही तेच समजा. 500 वॅट आरएमएसचा अँप जोरात चालताना सुमारे 45 अँपिअर ओढू शकतो. त्याला ‘किट’मधली बारीक वायर पुरत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर भरपूर मिळते. अॅल्युमिनियम तांब्याच्या तुलनेत साधारण 60 टक्केच वीज वाहतं. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर कळलं. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत मुख्य फ्यूज नसेल तर आवाजाचं राहू द्या, आधी तो बसवून घ्या. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग थांबवणारी तीच एक वस्तू आहे.

सीएनजी गाडी असेल तर

ठाण्यात निम्म्या डिक्यांत सिलिंडर असल्यासारखं वाटतं, म्हणून हे वेगळं लिहितो. सिलिंडर आणि पाइपमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो. डिकीच्या तळाला ड्रिल मारण्याआधी खालून पाइप कुठून गेलाय ते बघावंच लागतं. सिलिंडरच्या ब्रॅकेटला अर्थ जोडायचा नाही, त्याला टेकवून बॉक्स ठेवायचा नाही, आणि वॉल्व्हपर्यंत हात पोचायला जागा मोकळी सोडायची. कुणी “चालतं हो” म्हणालं तरी ऐकू नका. अशा गाडीला आम्ही सीटखालचा 8 इंची सब सुचवतो. दणका कमी, पण आवाज स्वच्छ. फक्त त्याच्यावर मॅट किंवा छत्री येऊ देऊ नका.

बॉक्स

बॉक्स बहुधा एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा असतो, आणि तिला आपला पावसाळा सोसत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं की बॉक्सचा तळ फुगतो, सांधे सुटतात आणि हवा गळते. बंद बॉक्सच्या सांध्यांवर ब्रशने साबणाचा फेस लावा, हळू आवाजात बास वाजवा. फेस थरथरून फुटला तर तिथे गळती आहे. पोर्टच्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्समध्ये अगदी खालच्या सुरांना कोन, म्हणजे सबचा पुढचा हलणारा पडदा, सैरभैर हलतो, म्हणून हे सूर अडवणारा अँपचा सबसॉनिक फिल्टर चालू ठेवा.

आणि सबच बिघडला असेल तर

वायरी सोडवून मीटर लावा. 4 ओहमची कॉइल साधारण 3 ते 4 दाखवते. काहीच दाखवलं नाही तर ती तुटली आहे. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन समतोल दाबा. आत खरखर लागली तर कॉइल घासते आहे. दोन कॉइलच्या सबमध्ये एक उलटी जोडली गेली तर दोघी एकमेकींचा जोर खातात आणि बास जवळजवळ नाहीसाच होतो. दोन्ही पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडल्याने अँपला झेपणार नाही इतका ओहम खाली आला, तर अँप लाल दिवा दाखवून बंद पडतो. ही दोन्ही दुखणी फक्त वायरी बदलून बरी होतात.

गाडी आमच्याकडे आणताना डिकी रिकामी करून आणा. बटणं आहेत तशीच राहू द्या, आम्हाला बिघाड जसा आहे तसा ऐकायचा असतो. आणि ज्या गाण्यात खटकतं ते गाणं फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, कारण आमच्या गाळ्यात रेंज मिळत नाही.